सूर परका, की कान परका?

(अनवट ध्वनी, वादग्रस्त गीते आणि नवे स्वतंत्र संगीत या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या मध्यमवर्गीय घरात तीन पिढ्या एका छताखाली नांदतात. पण त्यांचे कान मात्र एकत्र नांदत नाहीत. आजोबांना पहाटेची भक्तिगीते हवी असतात, आई-वडिलांचा जीव जुन्या भावगीतांत आणि चित्रपटगीतांत गुंतलेला असतो, आणि नातू कानांत इअरफोन घालून असे काही ऐकत असतो की ज्याला गाणे म्हणावे की गोंगाट, असा प्रश्न वडीलधाऱ्यांना पडतो. मग ठरलेले वाक्य येते, 'हे आपले संगीत नव्हे!' नातू काही बोलत नाही. तो आवाज थोडा वाढवतो आणि दार लोटून घेतो. संवाद तिथेच तुटतो. संस्कार, परंपरा, अभिरुची हे शब्द आपण मोठ्या आस्थेने उच्चारतो. परंतु ते ज्या दारातून पुढच्या पिढीपर्यंत जायचे, ते दारच असे बंद झाले तर काय, हा आजच्या विषयाचा गाभा आहे.

'आपले' आणि 'परके' ही विभागणी संगीताच्या क्षेत्रात वाटते तितकी सरळ नाही. याचे उत्तम उदाहरण प्रत्येक भजनी मंडळात, प्रत्येक कीर्तनात आणि गाण्याच्या प्रत्येक क्लासात समोरच ठेवलेले असते. ते उदाहरण म्हणजे आपली बाजाची पेटी.

पेटीचा खटला

हार्मोनियम हे वाद्य पॅरिसचे. अलेक्झांद्र दबँ या कारागिराने १८४२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. हवेच्या झोताने थरथरणारे धातूचे मोकळे पाते हा त्याचा प्राण. आणि हे तत्त्व युरोपात जन्मलेले नाही. चीनच्या 'शेंग' या वाद्यात ते शतकानुशतके वापरात होते. म्हणजे आशियातून युरोपात गेलेली युक्ती मिशनऱ्यांच्या पेटाऱ्यातून पुन्हा आशियात आली. पाश्चात्त्य हार्मोनियम पायाने भाता मारून, खुर्चीवर बसून वाजवायचे. आपला गवई बैठकीवर मांडी घालून बसणारा. कलकत्त्याच्या 'द्वारकिन' कंपनीचे द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाताने भाता मारण्याची, जमिनीवर ठेवून वाजवता येणारी पेटी प्रचारात आणली, आणि हे वाद्य बघता बघता भारतभर पसरले.

या वाद्याला झालेला विरोध अडाणीपणाचा नव्हता, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. आक्षेप शास्त्रीय होता. आपल्या रागसंगीताचा आत्मा मींड आणि आंदोलन यांत आहे. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर गळा घसरत, रेंगाळत जातो. पेटीच्या पट्ट्या मात्र सुट्या. दोन पट्ट्यांच्या मध्ये जागाच नाही. शिवाय तिचे स्वर पाश्चात्त्य पद्धतीने बारा समान भागांत बसवलेले. आपला शुद्ध गंधार त्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. तानपुऱ्यात कान घोळलेल्या गायकाला हा फरक खटकणारच. सारंगीसारखे गळ्याची सावली होऊन चालणारे वाद्य पेटीच्या मोठ्या आवाजामुळे मागे पडते, हे दुःखही खरे होते. आनंद कुमारस्वामींसारख्या कलामीमांसकाने स्वदेशीच्या दृष्टीतूनच या वाद्यावर टीका केली होती.

जानेवारी १९४० मध्ये रवींद्रनाथांनी आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्राला पत्र लिहून केंद्रातून हार्मोनियम हद्दपार करावे असे सुचवले. आकाशवाणीच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख जॉन फाउल्ड्स यांनी त्याआधीच या वाद्याविरुद्ध लेखणी चालवली होती. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी झाली. इंग्रज गेले, स्वराज्य आले, राज्यघटना लागू झाली. बंदी तशीच राहिली. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले, आणि तेव्हाही साथीपुरतीच मुभा मिळाली.

या एकतीस वर्षांत काय घडले? पेटी संपली का? उलट, ज्या वाद्याला सरकारी ध्वनिक्षेपकासमोर बसता येत नव्हते, ते प्रत्येक गावच्या देवळात जाऊन बसले. खुद्द महाराष्ट्रात तिने जी उंची गाठली, ती बंदीवाल्यांच्या कल्पनेतही नव्हती. बंदीपूर्वीच गोविंदराव टेंबे यांनी पेटीला गाती केली होती. 'मानापमान'च्या चाली देणारे हेच गोविंदराव. पुढे पी. मधुकर, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांनी मींड नसलेल्या वाद्यातून मींडेचा भास निर्माण करण्याचे कसब साधले. नागपूरच्या मनोहर चिमोटे यांनी तर वाद्यात बदल करून त्याला 'संवादिनी' असे नाव दिले. पु. ल. देशपांडे आकाशवाणीच्या नोकरीत होते, त्या काळात त्यांच्या लाडक्या पेटीला त्याच आकाशवाणीचे दार बंद होते!

याहून महत्त्वाचा दुसरा मार्ग. आक्षेप घेणाऱ्यांपैकी काहींनी बंदीचा विचार न करता वाद्यच सुधारण्याचा ध्यास घेतला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे गाणे हे त्यांच्या प्रयोगांचे प्रमाण होते. ई. क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या साह्याने श्रुती दाखवणारी हार्मोनियम तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर खल झाला आणि पंडित भातखंडे यांच्यासारख्यांना ती पटली नाही. प्रयोग त्या वेळी मागे पडला. पण धागा तुटला नाही. आपल्या काळात ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम प्रत्यक्षात आणली. दोष दिसल्यावर हाकलण्याचा एक मार्ग आहे आणि घडवण्याचा दुसरा. इतिहास कोणत्या मार्गाच्या बाजूने उभा राहिला, हे वेगळे सांगायला नको.

हा खटला अजूनही पूर्ण निकाली निघालेला नाही. २०२२ मध्ये अकाल तख्ताने सुवर्ण मंदिरातील कीर्तनातून हार्मोनियम टप्प्याटप्प्याने दूर करून परंपरागत तंतुवाद्ये परत आणावीत, असे सांगितले तेव्हा तीच चर्चा नव्याने रंगली. लोपत चाललेल्या वाद्यांना त्यामुळे वादक मिळणार असतील, तर त्या आग्रहातही एक विधायक बाजू आहे, हे मान्य केले पाहिजे.

आत्मसात करणारी परंपरा

दक्षिणेकडे पाहावे. कर्नाटक संगीताइतकी कर्मठ, नियमनिष्ठ परंपरा दुसरी नाही असे आपण समजतो. त्या संगीताच्या मैफलीत गायकाशेजारी कोण बसतो? व्हायोलिनवादक! हे वाद्य एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बालुस्वामी दीक्षितर यांनी इंग्रजांच्या बँडमधून उचलले. त्यांचे थोर बंधू मुत्तुस्वामी दीक्षितर, म्हणजे कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तींपैकी एक. त्यांनी इंग्रजी बँडच्या चालींवर संस्कृत स्तुतिपदे रचली. इंग्लंडच्या राजगीताची चालही त्यातून सुटली नाही. राजाच्या स्तुतीची चाल देवीच्या स्तुतीला लावणारा हा आत्मविश्वास पाहा. व्हायोलिन मांडी घालून, पायाच्या घोट्यावर टेकवून, गमकांसाठी स्वरांची जुळणी बदलून वाजू लागले. वाद्य परके होते, पण ते धरण्याची रीत आपली झाली. पुढे याच वाटेने कद्री गोपालनाथ यांनी सॅक्सोफोन आणि यू. श्रीनिवास यांनी मँडोलिन कर्नाटक संगीतात नेले. पंडित विश्वमोहन भट्ट यांनी गिटारची मोहनवीणा केली आणि १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळवला.

आणि वाद्य आपलेच असले म्हणजे त्याचे स्वागत होते असेही नाही. संतूर हे काश्मीरच्या मातीतले वाद्य. पंडित शिवकुमार शर्मा यांनी १९५५ मध्ये मुंबईच्या संमेलनात ते रागसंगीतासाठी पुढे आणले, तेव्हा 'याच्यात मींड कुठे आहे?' हाच प्रश्न जाणकारांनी विचारला. शर्माजींनी वाद विवादाने सोडवला नाही. त्यांनी तारांची रचना बदलली, वाद्य मांडीवर घेतले आणि वर्षानुवर्षे रियाज केला. आज संतूर हे शास्त्रीय वाद्य आहे की नाही, असे विचारण्याचे धाडस कोणी करणार नाही.

एक बंदी आणि एक निर्मिती

स्वातंत्र्योत्तर काळातील एक प्रकरण तर अभ्यासाचाच विषय आहे. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ पासून दहा वर्षे केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. मराठी माणूस, संगीताचा जाणकार, हेतू निर्मळ. चित्रपटगीतांनी देशाची अभिरुची बिघडते आहे, असे त्यांचे ठाम मत होते. आकाशवाणीवरील चित्रपटगीतांचे प्रमाण कमी करण्यात आले आणि गाणे लावताना चित्रपटाचे नाव सांगायचे नाही असे ठरले. निर्मात्यांनी हात आखडता घेतला आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास नाहीशी झाली.

श्रोता मात्र थांबला नाही. त्याने रेडिओची कळ फिरवली. कोलंबोहून रेडिओ सिलोन हीच गाणी ऐकवत होता. डिसेंबर १९५२ मध्ये 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सायानी यांचा आवाज घराघरात पोहोचला. शेवटी ऑक्टोबर १९५७ मध्ये आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करून या गाण्यांना मानाचे पान द्यावे लागले. केसकरांवर अन्याय होऊ नये म्हणून हेही नोंदवले पाहिजे की, संगीताचे अखिल भारतीय कार्यक्रम आणि आकाशवाणी संगीत संमेलन हे त्यांच्याच कारकिर्दीचे योगदान. संस्थानांचा आश्रय संपलेल्या कितीतरी कलावंतांना त्या काळात आकाशवाणीने हात दिला. म्हणजे त्यांनी जे उभे केले ते टिकले, आणि जे अडवले ते सीमेपलीकडून आत आले.

याच काळात पुणे केंद्रावर काय घडत होते? हे केंद्र १९५३ मध्ये सुरू झालेले, अगदी नवे. तेथील सीताकांत लाड यांच्या आग्रहातून एक कल्पना पुढे आली, ग. दि. माडगूळकर यांनी शब्द दिले आणि सुधीर फडके यांनी स्वर. १ एप्रिल १९५५, रामनवमीचा दिवस. त्या दिवसापासून आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर छप्पन्न गीते प्रसारित झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके यांच्यासारख्यांनी त्यांत स्वर मिसळला. लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकायला बसत, ही आठवण मराठी घरांत पिढ्यांनी सांगितली आहे. 'गीतरामायणा'साठी कोणाचेही गाणे बंद करावे लागले नाही. आणि हे बाबूजी कोण होते? जन्मभर स्वयंसेवक, दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात उतरलेले, आणि त्याच वेळी बंदीने ग्रासलेल्या त्या चित्रपटसृष्टीचेही लोकप्रिय संगीतकार. त्यांनी चित्रपटसंगीताला नावे ठेवली नाहीत. त्याहून उंच काही उभे करून दाखवले. अभिरुची घडवणे म्हणजे काय, याचा याहून स्वच्छ वस्तुपाठ मिळणे कठीण.

गीत वादग्रस्त का ठरते?

आता वादग्रस्त गीतांकडे वळू. 'वादग्रस्त' हा शब्द आपण सैलपणे वापरतो. वस्तुतः त्यात तीन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात.

पहिला प्रकार, सत्तेला झोंबणारे गीत. १९०९ मध्ये नाशिकच्या बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कशासाठी? 'लघु अभिनव भारत माला' या नावाने छापलेल्या काही पदांसाठी! खाडिलकरांचे 'कीचकवध' हे पौराणिक नाटक. पण प्रेक्षकांना कीचकात कर्झन दिसला आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. १९३८ मध्ये निजामी राजवटीत उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हटले म्हणून त्यांना काढून टाकण्यात आले, आणि नागपूर विद्यापीठाने त्यांतील अनेकांना सामावून घेतले. ज्यांच्या पूर्वजांनी गाण्यासाठी शिक्षा भोगली, त्यांनी सत्तेला टोचणाऱ्या प्रत्येक नव्या गीताविरुद्ध पोलिसांत धाव घेण्यापूर्वी शंभर वेळा विचार केला पाहिजे. २०२३ मध्ये महाराष्ट्रात राजकीय टीकेच्या रॅप गीतांवरून गुन्हे नोंदले गेले. टीका कोणावर होती हा प्रश्न गौण आहे. टीका चुकीची असेल तर तिला उत्तर द्यावे, आणि ते गीतानेच द्यावे.

असे उत्तर देता येते, हे मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी दाखवले. 'वंदे मातरम्' बँडवर वाजवता येत नाही, म्हणून ते राष्ट्रगीत होण्यास अडचणीचे आहे, असा आक्षेप पुढे आला. मास्टर कृष्णरावांनी निषेधाचे पत्रक न काढता स्वरलिपी हाती घेतली, बँडच्या जाणकारांना गाठले, आणि हे गीत बँडवर वाजते हे वाजवून दाखवले. २४ जानेवारी १९५० रोजी 'जन गण मन'ला राष्ट्रगीताचे आणि 'वंदे मातरम्'ला त्याच्याच बरोबरीचे मानाचे स्थान मिळाले. निर्णय त्यांच्या मनासारखा पूर्ण झाला नाही. पण त्यांचा मार्ग आदर्शच राहिला.

दुसरा प्रकार, माणसाला हीन लेखणारे गीत. स्त्रीला वस्तू मानणारे, एखाद्या जातीला वा पंथाला खिजवणारे, व्यसनाचे आणि हिंसेचे गोडवे गाणारे. येथे समाजाने तोंड उघडलेच पाहिजे. पण तेथेही निकष एकच हवा. नव्या रॅपमधील शिवी ऐकून संतापणाऱ्याने आपल्याच लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या गाण्याचे शब्दही एकदा नीट ऐकावेत. आणि गणेशोत्सवात गणरायासमोर जी ध्वनिभिंत उभी राहते, तिचे काय? कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा घातली आहे. ती ओलांडताना आपल्याच मंडळाचा कार्यकर्ता पुढे असेल, तर संस्कृतिरक्षणाची भाषा आपल्या तोंडी शोभणार नाही.

तिसरा प्रकार, केवळ नवे असल्यामुळे खटकणारे गीत. हा दोष गाण्याचा नसतो, सवयीचा असतो. आपली सर्वांत मोठी चूक ही की, या तिसऱ्या प्रकाराला आपण दुसऱ्याची शिक्षा देतो.

येथे तुकोबांचे स्मरण करावे. परंपरा सांगते की, त्यांच्या अभंगांना आक्षेप घेण्यात आला आणि गाथा इंद्रायणीत बुडवावी लागली. म्हणजे आज आपण ज्यांना परमपवित्र मानतो ते अभंग एके काळी वादग्रस्तच होते! चोखोबांना महाद्वाराबाहेर उभे राहावे लागले. त्यांचे शब्द मात्र आज देवळात गायले जातात. गाथा तरली, कारण ती लोकांच्या कंठात होती. कोणा राजाचा आश्रय नाही, कोणा सावकाराचे भांडवल नाही. 'स्वतंत्र संगीत' ज्याला आज म्हणतात, त्याचा याहून थोर पूर्वज कोणता?

नवे स्वतंत्र संगीत

या शब्दाचा अर्थ समजून घेतला पाहिजे. चित्रपटाशी संबंध नाही, मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपनीचा आदेश नाही. स्वतः लिहायचे, स्वतः चाल लावायची, घरातल्या खोलीत ध्वनिमुद्रित करायचे आणि इंटरनेटवरून थेट श्रोत्यापर्यंत पोहोचवायचे. पूर्वी कोणते गाणे तबकडीवर येणार हे मूठभर कंपन्या ठरवत. कॅसेटने ती मक्तेदारी मोडली, इंटरनेटने उरलीसुरली भिंतही पाडली. त्यामुळे कचरा वाढला हे खरे; पण चाळून पाहिले तर धान्यही आहे.

दिल्लीचा 'इंडियन ओशन' हा वाद्यवृंद १९९० पासून या वाटेवर आहे. १९९७ मध्ये, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ए. आर. रहमान यांच्या 'वंदे मातरम्' या चित्रपटबाह्य संग्रहाने त्या दोन शब्दांना तरुणांच्या ओठी आणले. सिंगापूरमध्ये भारतीय वंशाच्या तरुणांनी १९९२ मध्ये 'रुद्र' नावाचा वाद्यवृंद काढला. त्यांचे संगीत 'डेथ मेटल' या अत्यंत कर्कश समजल्या जाणाऱ्या प्रकारातले. पण विषय वेदान्ताचा! आवाज ऐकून अनेक ज्येष्ठ कानांवर हात ठेवतील. परंतु परदेशात वाढलेला मुलगा त्या गोंगाटातून उपनिषदांकडे वळत असेल, तर त्याला अडवायचे कोणी?

मराठीपुरते पाहावे. २००२ च्या सुमारास 'ऐका दाजिबा'ने मराठी पॉपला बाजारपेठ मिळवून दिली, तेव्हाही नाके मुरडली गेलीच. मुंबईचा 'अभंग रिपोस्ट' हा तरुणांचा वाद्यवृंद गिटार आणि ड्रम्सच्या साथीने संतांचे अभंग गातो. आणि जो तरुण कीर्तनाकडे फिरकलाही नसता, तो ते शब्द त्यांच्याबरोबर म्हणतो. २०२४ मध्ये 'तांबडी चामडी' हे मराठी शब्दांचे नृत्यगीत नेदरलँड्सच्या एका नामांकित कंपनीने जगभर नेले. ते सर्वांना आवडावे असा आग्रह नाही. पण मराठी ही केवळ आठवणींची भाषा नसून आजच्या तालावरही चालते, असे या मुलांना वाटते, ही गोष्ट लहान नाही. आपण मराठीच्या भवितव्याबद्दल परिसंवाद भरवतो. ही मुले ती भाषा वापरत आहेत.

याचा अर्थ जे नवे ते चांगले असा मुळीच नाही. स्वर शिकण्यासाठी वर्षे द्यावी लागतात. तंत्राने बेसूर गळा सुरात आणता येतो. त्याने रियाज होत नाही. संतांचे शब्द घेताना त्यांचा अर्थ कळलेला असावा, ही अपेक्षाही वाजवी आहे. परंतु हे सांगण्याचा अधिकार ऐकणाऱ्यालाच असतो. न ऐकता दिलेला निकाल मुले मानत नाहीत, आणि त्यांनी तो मानू नये हेच योग्य.

आपले कर्तव्य

तेव्हा करायचे काय? तीन साध्या गोष्टी. पहिली, आठवड्यातून एकदा घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे. मुलाने त्याचे एक गाणे लावावे, आजोबांनी त्यांचे एक. कोणी मध्ये उठू नये, आणि शेवटी प्रत्येकाने काय आवडले ते आधी सांगावे, काय खटकले ते नंतर. दुसरी, आपल्या उत्सवांत, शाखांच्या आणि मंडळांच्या कार्यक्रमांत भाड्याच्या ध्वनिभिंतीऐवजी गावातल्या शिकणाऱ्या मुलांना व्यासपीठ द्यावे. पेटी, पखवाज, गिटार, जे वाजवता येत असेल ते वाजवू द्यावे. त्या ध्वनिभिंतीवर होणाऱ्या खर्चात एखाद्या होतकरू मुलाची वर्षभराची शिकवणी सहज निघेल. तिसरी, एखादे गीत खरोखर आक्षेपार्ह वाटले, तर ते पूर्ण ऐकावे, आक्षेप नेमक्या शब्दांत लिहावा, आणि शक्य असेल तर त्याहून चांगले गीत लिहिणाऱ्याच्या पाठीशी उभे राहावे.

रेडिओची कळ फिरवून कोलंबो ऐकणारा १९५२ चा श्रोता आणि आज दार लोटून घेणारा नातू यांच्यात फारसा फरक नाही. दोघांनाही अडवण्याने काही साधत नाही. त्या श्रोत्याला पुण्याच्या केंद्राने गीतरामायणाने जिंकले. या नातवासाठी आपण काय निर्माण करणार आहोत, याचे उत्तर आपल्याला द्यायचे आहे. तोवर, निदान आज घरी गेल्यावर, त्याचे दार वाजवावे आणि तो काय ऐकतो आहे ते त्याच्याजवळ बसून ऐकावे.